गांजाचे औषध आणि काउंटरमागचा माणूस

गेल्या काही वर्षांत गांजाच्या झाडाविषयीच्या बातम्यांचा सूर बदलला आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी नशेच्या वाणांच्या औद्योगिक लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीची शिफारस करणारा समितीचा अहवाल स्वीकारला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या मंत्रिमंडळाने कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. आपल्या शेजारच्या गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी उपयोगासाठी गांजा लागवडीच्या प्रस्तावाची फाइल विधी खात्यातून पुढे सरकल्याची बातमी आली आणि एकच गदारोळ झाला. सरकारने अशी कोणतीही मान्यता दिलेली नाही, असा खुलासा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना करावा लागला.

रत्नागिरी जिल्ह्याला हे झाड माहीत आहे ते मुख्यतः पोलीस आणि कस्टम्सच्या बातम्यांतून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली आणि जप्त साठा दोनशे किलोच्या पुढे गेला, हे अनेकांना आठवत असेल. त्यामुळे 'गांजाचे औषध' म्हटले की आपल्याकडे चर्चा दोनच टोकांना जाते. एक म्हणतो, ही नशा आहे, बंदच हवी. दुसरा म्हणतो, ही तर शंकराची बुटी, आयुर्वेदातली विजया, तिला कशाला अडवता?

या दोघांच्या वादात एक साधा प्रश्न मागे पडतो. हे औषध रुग्णाच्या हातात देणारा माणूस कोण? त्याचे शिक्षण काय? त्याला काय माहीत असणे सक्तीचे आहे? हा प्रश्न उद्याचा नाही. गांजाच्या पानांच्या अर्कापासून केलेली तेले, गोळ्या आणि मलमे आजच आपल्या गावात कुरिअरने येत आहेत. झोप लागत नाही, गुडघे दुखतात, मुलाला आकडी येते, कॅन्सरच्या रुग्णाला जेवण जात नाही, अशा कारणांसाठी ती घेतली जात आहेत. मुंबईतला मुलगा मोबाइलवरून मागवतो आणि पार्सल लांज्याला किंवा मंडणगडला आईच्या हातात पडते. मधे कोणी जाणकार माणूस बसलेला आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आज कुणाचीच नाही.

कायद्यातली फट

हे कसे शक्य होते, ते समजून घेऊ. अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा १९८५ चा. आपण त्याला एनडीपीएस म्हणतो. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे आणि चरस म्हणजे त्या झाडाची राळ. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. पानांचा, म्हणजे भांगेचा, कारभार राज्यांच्या कायद्यांकडे राहिला. महाराष्ट्रात तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येतो आणि परवान्याशिवाय भांग बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

दुसरीकडे औषधांचा कायदा आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांना 'ई-वन' नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांतल्या विषारी द्रव्यांची ती यादी. बचनाग, धोतरा, अफू यांच्याबरोबर भांगही त्यात आहे. यातले द्रव्य असलेल्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. आयुर्वेदिक औषध बनवणाऱ्याला उत्पादनाचा परवाना लागतो. मात्र ते विकणाऱ्याला विक्रीचा परवाना लागत नाही. आपल्या नाक्यावरच्या मेडिकलला अॅलोपॅथीची साधी अँटिबायोटिक विकायची तर परवाना हवा, नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, बिल हवे. आयुर्वेदिक औषध किराणा दुकानातही ठेवता येते. च्यवनप्राश आणि त्रिफळा चूर्णासाठी ही सवलत समजण्यासारखी आहे. भांगेच्या तीव्र अर्कालाही तीच लागू व्हावी, हे मात्र विचित्र आहे.

काही विक्रेते स्वतःहून वैद्यांची चिठ्ठी मागतात. ऑनलाइन फॉर्म भरायचा, फोनवर काही मिनिटे बोलायचे आणि चिठ्ठी मिळते. त्यातले काही वैद्य मनापासून विचारपूस करतही असतील. पण चिठ्ठी मिळाल्यानंतर ती तपासून औषध देणारा, 'आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?' असे विचारणारा शिकलेला माणूस साखळीत असलाच पाहिजे, असे बंधन नाही. फोनवर 'सल्लागार' म्हणून जो बोलतो, तो वैद्य आहे, फार्मासिस्ट आहे की विक्री विभागातला तरुण, हे रुग्णाला कळायला मार्ग नसतो.

विकणाऱ्याला काय माहीत हवे?

या झाडात शंभरहून अधिक कॅनाबिनॉइड रसायने आहेत. त्यातली दोन महत्त्वाची आहेत. टीएचसी हे नशा आणणारे. त्याने भूक वाढते, मळमळ कमी होते, काही प्रकारच्या वेदना कमी होतात. पण छातीत धडधड होते, घबराट होते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि ज्याच्या घराण्यात मनोविकार आहेत त्याला भास होण्याचा धोका वाढतो. दुसरे सीबीडी. त्याने नशा होत नाही. लहान मुलांच्या दोन दुर्मीळ आणि हट्टी अपस्मारांवर त्याचा उपयोग नीट चाचण्यांतून सिद्ध झाला आणि २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला मान्यता दिली. हा खरा आणि मोठा टप्पा होता. पण ते औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून, सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करून आणि पुढेही ती करत राहून द्यायचे असते.

'नशा होत नाही' याचा अर्थ 'काहीच होत नाही' असा घेतला जातो, तिथे घोटाळा सुरू होतो. यकृतातली जी विकरे आपल्या अनेक गोळ्यांचा निचरा करतात, त्यांच्यावर सीबीडी परिणाम करते. आकडीसाठी क्लोबाझाम घेणाऱ्या मुलाला सीबीडी दिले की क्लोबाझामचा सक्रिय घटक रक्तात वाढतो आणि मूल पेंगुळते. व्हॅलप्रोएटसोबत दिले तर यकृताची विकरे वाढण्याची शक्यता वाढते. हृदयाची झडप बदललेला रुग्ण रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेत असेल, तर सीबीडीने तिचा परिणाम वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. अशा रुग्णाला साधे खरचटले तरी रक्त थांबत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही रुग्णाला विचारतो, 'दुसरं काही औषध चालू आहे का?' उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच येते. आयुर्वेदिक तेल हे अनेकांच्या लेखी औषधच नसते. सोबत आलेली सून किंवा मुलगी मग हळूच सांगते, 'रात्री जिभेखाली दोन थेंब घेतात ते.' ते थेंब कशाचे, किती तीव्रतेचे, कुणाच्या सांगण्यावरून, हे तिलाही माहीत नसते. बाटली घरी असते. अशा वेळी रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे विचारण्याची पहिली संधी बाटली विकणाऱ्याला होती.

त्यात आणखी एक गोंधळ आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली आणि त्यांत टीएचसी नाममात्रच असावे अशी मर्यादा घातली. हे बियांचे तेल म्हणजे जवसाच्या तेलासारखे खाद्यतेल. पानांचा अर्क म्हणजे औषध. संकेतस्थळांवर दोन्हींच्या बाटल्या शेजारीशेजारी दिसतात आणि दोन्हींवर हिरवा रंग असतो. एक घेऊन दुसऱ्याचा गुण येईल अशी आशा करणारे लोक आहेत. दुसऱ्याला पहिले समजून चमचाभर पिणाराही उद्या भेटू शकतो. हा फरक ग्राहकाला समजावून सांगणे हे विकणाऱ्याचे किमान काम आहे.

परदेशातला अनुभव

ज्या देशांनी वैद्यकीय गांजाला परवानगी दिली, त्यांना हा प्रश्न आपल्याआधी पडला. त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे बरेच आहे.

जर्मनीने २०१७ मध्ये गांजा औषध म्हणून खुला केला तो सरळ औषधालयांमधून. डॉक्टरची चिठ्ठी आणि देणारा फार्मासिस्ट. नवी व्यवस्था, नवा वर्ग त्यांनी उभा केला नाही. अमेरिकेत गोष्ट वेगळी झाली. तिथे केंद्र सरकारच्या कायद्याने गांजा निषिद्धच राहिला आणि राज्यांनी आपापली वाट काढली. नेहमीची औषधालये केंद्राच्या नियमांनी बांधलेली असल्याने त्यांना तो ठेवता येईना. म्हणून 'डिस्पेन्सरी' नावाची वेगळी दुकाने आली आणि त्यांच्या काउंटरमागे एक नवाच कामगारवर्ग उभा राहिला. बारमध्ये दारू ओतणाऱ्याला बारटेंडर म्हणतात, त्यावरून यांना 'बडटेंडर' हे नाव पडले. नावातच सगळे आले.

या कर्मचाऱ्यांची पात्रता राज्याराज्यांत बदलते. कनेक्टिकटने २०१२ च्या कायद्यात दुकान परवानाधारक फार्मासिस्टच्या हाती दिले. पेनसिल्व्हेनियाच्या २०१६ च्या कायद्याने दुकानावर डॉक्टर किंवा फार्मासिस्ट नेमला आणि त्यांना चार तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. रुग्णाशी थेट संबंध येणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांना दोन तासांचे. या दोन तासांचा भर कशावर, हे पाहण्यासारखे आहे. मालाची हाताळणी, नोंदी, चोरी आणि गैरवापर ओळखणे, तो कळवणे. औषधाचे फायदे-तोटे हा विषय चार तासांच्या वर्गात येतो. कोलोरॅडोत कर्मचाऱ्याला बोटांचे ठसे देऊन, पार्श्वभूमी तपासून सरकारी ओळखपत्र घ्यावे लागते. ते ओळखपत्र सांगते की हा माणूस गुन्हेगार नाही. त्याला वॉरफेरिन म्हणजे काय हे माहीत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

परिणाम काय झाला? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डिस्पेन्सरीतल्या ५५ कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारले गेले. निम्म्याहून थोड्या अधिक जणांना कामाचे काही ना काही औपचारिक प्रशिक्षण मिळाले होते. वैद्यकीय किंवा शास्त्रीय प्रशिक्षण मिळालेले फक्त २० टक्के. रुग्णांना सल्ला देणारे मात्र ९४ टक्के! २०१८ मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी आणखी एक साधा प्रयोग केला. ४०० दुकानांना फोन करून त्यांनी सांगितले, 'मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, मळमळ होते, काय घेऊ?' सुमारे ६९ टक्के दुकानांनी गांजाचे एखादे उत्पादन सुचवले. गरोदरपणात तो घेऊ नये असा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचा स्पष्ट सल्ला असताना हे घडले. बहुतेकांच्या सल्ल्याला आधार होता तो स्वतःच्या मताचा.

हे लोक दुष्ट नव्हते. समोरच्याचे दुःख ऐकून काहीतरी सुचवावे, ही माणसाची सहज वृत्ती आहे. आपल्याकडेही शेजारीण गोळी सुचवतेच. फरक इतकाच की शेजारणीला त्या गोळीवर पगार मिळत नाही. विक्रीवर पोट असलेला, अर्धवट माहितीचा आणि मनाने चांगला माणूस काउंटरमागे असला की काय होते, याचे ते चित्र होते.

मालाच्या बाबतीतही तेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ऑनलाइन विकत घेतलेली सीबीडीची ८४ उत्पादने तपासली होती. लेबलवर लिहिलेले प्रमाण आतल्या प्रमाणाशी जुळणारी फक्त ३१ टक्के निघाली. १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. नशा नसलेले म्हणून विकले जाणारे तेल घेऊन कुणी गाडी चालवायला बसले, तर त्याला आपण काय घेतले आहे हेच ठाऊक नव्हते.

आपल्याकडचे दोन धडे

परदेशाचे दाखले देऊन आपण मोकळे व्हायला नको. औषध देणाऱ्याची पात्रता हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे आणि त्यावर आपले दोन अनुभव आहेत. ते एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला मेडिकल स्टोअरचा. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. त्यासाठी बारावी विज्ञाननंतर किमान दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. पेनसिल्व्हेनियाच्या दोन तासांशी तुलना करा. कागदावर आपली व्यवस्था कितीतरी भक्कम आहे. कागदाबाहेर काय आहे, ते प्रत्येक वाचक जाणतो. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि औषध देणारा दुसराच, हे चित्र नवे नाही. २०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, फार्मासिस्टच्या उपस्थितीचा आग्रह धरला. तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला आणि बंदचे इशारेही दिले गेले. विक्रेत्यांची अडचण अगदीच खोटी नव्हती. आडगावात पूर्णवेळ फार्मासिस्ट मिळणे आणि परवडणे कठीण असते. पण त्या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. पात्रता कायद्यात लिहिली आणि ती तपासायला माणसे नेमली नाहीत, तर ती भिंतीवर टांगलेली राहते.

दुसरा अनुभव मॉर्फिनचा. तेही एनडीपीएसमधलेच द्रव्य. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर त्याच्याइतके स्वस्त आणि खात्रीचे औषध नाही. पण १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांचे इतके जंगल माजले की औषधालयांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. जो देश जगाला औषधी अफू पुरवतो, त्या देशातले रुग्ण कण्हत मेले. शिवाय, एक पिढी डॉक्टर झाली ती मॉर्फिनची गोळी कधी न लिहिता.

हे दुरुस्त व्हायला २०१४ साल उजाडले. कायदा बदलला आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे 'अत्यावश्यक अमली औषधे' ठरली. अनेक परवान्यांऐवजी एकाच अधिकाऱ्याची, राज्याच्या औषध नियंत्रकाची, मान्यता पुरेशी झाली. अट महत्त्वाची होती. मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमन आणि परिहार सेवेचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि साठ्याची चोख नोंद हवी. म्हणजे दरवाजा उघडला आणि दाराशी शिकलेला माणूस बसवला. नियम चांगला आहे. तरीही जिल्ह्यांच्या ठिकाणी अशा प्रशिक्षित डॉक्टरांची संख्या वाढायला वेळ लागतो आहे, कारण प्रशिक्षणासाठी डॉक्टरला कामावरून मोकळे करावे लागते आणि त्याच्या जागी बसायला दुसरा नसतो.

मेडिकलचा अनुभव सांगतो की तपासणीविना पात्रता पोकळ असते. मॉर्फिनचा अनुभव सांगतो की पात्रतेच्या नावाखाली दार इतके अरुंद करू नका की रुग्णच बाहेर राहील. भांगेच्या औषधांसाठी नियम करताना हे दोन्ही समोर ठेवायला हवेत.

काय करता येईल?

नवा खास कामगारवर्ग उभा करण्याची आपल्याला गरज नाही. आपल्याकडे फार्मासिस्ट आहेत, बीएएमएस वैद्य आहेत, आयुर्वेदाचे औषधनिर्माते आहेत. वैद्यांच्या शिक्षणात भांगेची शोधनप्रक्रिया, मात्रा, अनुपान हे विषय आहेत. जातिफलादी चूर्णासारख्या जुन्या योगांत भांग पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. प्रश्न त्या परंपरेविषयी नाही. चूर्णातली भांग आणि कारखान्यात काढलेला तीव्र अर्क यांत अंतर आहे. पूर्वी वैद्य रुग्णाला नाडी पाहून पुडी देत असे, आता बाटली घरपोच येते. परंपरेतला वैद्य जागेवरून उठला आणि त्याचे नाव तेवढे लेबलवर राहिले, अशी आजची स्थिती आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ई-वन अनुसूचीतल्या भांगयुक्त अर्कांची विक्री नोंदणीकृत जागेतूनच व्हावी आणि तिथे जबाबदार फार्मासिस्ट किंवा वैद्य असावा. ऑनलाइन विक्रेत्यालाही हीच अट हवी. काही अँटिबायोटिक आणि क्षयरोगाच्या औषधांसाठी 'एच-वन' अनुसूची आहे. तिच्यात रुग्णाचे नाव, डॉक्टरचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. तशीच वही इथे चालेल. नवे काही शोधायला नको.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. दहा-बारा तासांचा, परीक्षा असलेला एक छोटा अभ्यासक्रम पुरेल. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि राज्य फार्मसी परिषद मिळून तो मराठीत करू शकतात. त्यात पाच-सहा विषय हवेत: टीएचसी आणि सीबीडीतला फरक, बियांचे तेल आणि पानांचा अर्क यांतला फरक, कोणत्या औषधांशी त्यांचे जमत नाही, गरोदर, स्तनदा माता, मुले, वृद्ध, यकृताचे आणि मनोविकाराचे रुग्ण यांच्याबाबत घ्यायची काळजी, मात्रा जास्त झाल्यास दिसणारी लक्षणे, आणि कायदा. शेवटी एक कौशल्य शिकवायला हवे, जे सर्वांत अवघड आहे: 'हे तुम्हाला देता येणार नाही, आधी डॉक्टरना विचारून या' असे गिऱ्हाइकाला म्हणणे. डॉक्टरांनाही यातून सूट नको. आमच्यापैकी बहुतेकांनी हे झाड न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकात विषांच्या प्रकरणातच वाचले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीसाठी पाच वर्षांत जे ३० गुण मिळवावे लागतात, त्यांत हा विषय घालणे सहज शक्य आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. फोनवर सल्ला देणाऱ्याचा पगार विक्रीच्या टक्क्यांवर नसावा आणि त्याने सुरुवातीलाच आपले नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक सांगावा. कॅन्सर, अपस्मार, मधुमेह 'बरा करतो' अशा जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने आधीच बंदी आहे. तो कायदा फोनवर बोलणाऱ्या माणसालाही आठवण करून द्यायला हवा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. इतके नियम केले तर माल चोरवाटेने येईल आणि गरजू रुग्णाला महाग पडेल. मॉर्फिनच्या बाबतीत नेमके हेच घडले, हे वर मीच लिहिले आहे. म्हणून नियम थोडे हवेत आणि तपासता येण्याजोगे हवेत. एक वही, एक प्रशिक्षित माणूस, एक नोंदणी क्रमांक. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला एका भेटीत हे तिन्ही पाहता येतील. दुसरा आक्षेप असा की हा अॅलोपॅथीचा आयुर्वेदावरचा हल्ला आहे. मला उलट वाटते. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हे वाक्य आयुर्वेदिक औषधाच्याच वेष्टनावर छापलेले आहे. ते वाक्य खरे व्हावे, एवढीच ही मागणी आहे.

तोवर आपण काय करावे?

नियम व्हायला वेळ लागेल. तोवर वाचकांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. भांगेचे किंवा सीबीडीचे कोणतेही उत्पादन घेण्याआधी विकणाऱ्याला विचारा: हे बियांचे तेल आहे की पानांचा अर्क? टीएचसी किती, सीबीडी किती, या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवाल का? माझ्या चालू गोळ्यांबरोबर ते चालेल, हे कोण सांगते आहे, त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय? या प्रश्नांना टाळाटाळ झाली, तर ती बाटली घेऊ नका.

आकडीची, रक्त पातळ करणारी, झोपेची किंवा मनोविकाराची गोळी चालू असेल, तर डॉक्टरना विचारल्याशिवाय असे काहीही सुरू करू नका. आकडीचे मूल असेल तर या तेलाच्या भरवशावर चालू गोळ्या परस्पर बंद करणे सर्वांत घातक. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सुटीला येताना 'तिकडे कायदेशीर आहेत' म्हणून आणलेल्या टीएचसीच्या रंगीत गोड गोळ्या इथे एनडीपीएसच्या कचाट्यात सापडू शकतात. त्या लहान मुलांना साध्या चॉकलेटसारख्या दिसतात, हा धोका वेगळाच.

काही त्रास झालाच, तर तो कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे आणि रुग्णालाही त्यावर तक्रार नोंदवता येते. आज या औषधांविषयी आपल्याकडे ठोस माहिती थोडी आहे, याचे एक कारण हेही आहे की कुणी काही कळवतच नाही.

आणि दवाखान्यात येताना घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, तेले पिशवीत घालून सोबत आणा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, मुंबईहून आलेली, शेजारणीने दिलेली, सगळी. त्यावरून डॉक्टर रागावतील ही भीती मनातून काढून टाका. टेबलावर ठेवलेल्या बाटलीचे लेबल वाचून निर्णय घेता येतो. घरी कपाटात राहिलेल्या बाटलीबद्दल आम्ही अंदाजच बांधत बसतो.